स्वस्त दुधाची खरी किंमत

भांडुपच्या घरोघरी पहाटे दुधाची पिशवी येते. तिची किंमत रुपयाने उतरली तर आपणांस संतोष वाटतो. परंतु तो रुपया कोणाच्या पदरचा गेला, याचा विचार आपण क्वचितच करितो.

२०१८ साली दूधभुकटीचे भाव जगभर कोसळले आणि महाराष्ट्रातील कित्येक शेतकऱ्यांस लिटरमागे २० रुपयांहूनही कमी मिळू लागले. मुंबईत मात्र गाईचे दूध ४० रुपयांच्या वरच विकले जात होते. म्हणजे शेतकऱ्याच्या तोट्याचा लाभ गिऱ्हाइकासही झाला नाही. १६ जुलैपासून शेतकऱ्यांनी शहराकडे येणारे दूध अडविले, कित्येकांनी ते रस्त्यावर ओतले. अखेर सरकारने २५ रुपये दर देण्याचे ठरविले.

गाय विण्यापूर्वी सुमारे २ महिने आटते. त्या काळी दूध नसते, पण कडबा व पेंड लागतेच. हा खर्च निघाला नाही, तर शेतकरी गाय विकतो. गोठे ओस पडले की दूध दुर्मिळ होते व भेसळ करणाऱ्यांचे फावते. तो भुर्दंड अखेर आपल्याच मुलाबाळांवर पडतो.

यास्तव आमचे सांगणे इतकेच की, दुधाचा भाव विचाराल तेव्हा त्यातील किती शेतकऱ्याच्या हाती पडले, हेही विचारा.