घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नकोस

दापोडी, पुणे

चि. बाळू,

काल रात्री अक्काचा फोन आला होता. बोलण्यात कौतुक मावत नव्हतं. म्हणाली, "दादा, पोरगा नव्या पिकअपचं ऑईल आता घरीच बदलतो. सगळं बघून बघून शिकला." मलाही ऐकून बरं वाटलं. मग सहज म्हणाली, "गाडीखाली शिरला की नुसते पाय बाहेर दिसतात. चिऊ तिथंच खेळत बसते." मी विचारलं, गाडी कशावर उचलतो? तर म्हणाली, "कशावर म्हणजे? जॅक आहे की गाडीसोबत आलेला." त्यापुढं ती बराच वेळ बोलत होती, पण मला एक शब्द ऐकू आला नाही.

फोन केला असता तर तू "हो मामा, हो मामा" करून ठेवून दिला असतास. म्हणून लिहायला बसलो.

बाळू, तुला अक्कल आहे की नाही? रिकामी पिकअपसुद्धा दीड टनाच्या वर भरते. ती तू एका जॅकवर तोलतोस आणि तिच्याखाली छाती घालतोस? गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, आणि चाक बदलताना माणूस गाडीच्या बाजूला बसतो, खाली नाही. त्यातून आपलं अंगण मातीचं. जॅकचं बूड मातीत एका बाजूनं जरा रुतलं तरी गाडी तिरकी होते. हायड्रॉलिक जॅकचं सील आतून कधी गेलं ते बाहेरून दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तू जे काम करतोस तेच. चेंबरचा नट घट्ट बसलेला असतो, तू पाना लावून अंगातला सगळा जोर लावतोस, तो जोर गाडीला आडवा बसतो. जॅक सरळ वजन पेलतो, आडवा धक्का त्याला सोसत नाही.

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मी उभी हयात काढली. तिथं जॅकनं गाडी फक्त उचलायची, तोलायची घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, हा पहिला धडा असे. घोड्या लागल्या, गाडी हलवून बघितली, मगच माणूस खाली.

आणि मला सांग, तुला गाडी उचलायची गरजच काय पडली? मोटारीसारखी ती जमिनीला टेकलेली नाही. पिकअपची चासी उंच. खाली पोतं अंथरून सरपटत गेलास तर चारही चाकं जमिनीवर ठेवून चेंबरपर्यंत हात पोचतो. जरा अवघडल्यासारखं होईल, कोपर घासेल, होऊ दे. नाहीच पोचला तर पुढची दोन्ही चाकं मजबूत रॅम्पवर चढव, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लाव, गिअर टाक, हँडब्रेक ओढ. विटा रचू नकोस, वीट फुटते. आणि कधी मागचं चाक उचलायची वेळ आली तर लक्षात ठेव, हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो. मागचं उचललंस की त्याच्यावर विसंबता येत नाही, तेव्हा ठोकळे पुढच्या चाकांना हवेत.

चिऊला त्या वेळी घरात ठेव. हे विनंती म्हणून लिहीत नाही.

एसटीत लागायच्या आधी मी हायवेच्या कडेला एका गॅरेजात हेल्पर होतो, हे तुला ठाऊक आहे. तिथल्या माझ्या जोडीदाराबद्दल मात्र मी घरात कुणाशी बोललो नाही, तुझ्या मामीशीसुद्धा फारसं नाही. पावसाळ्याचे दिवस होते, जमीन भिजलेली. ट्रकच्या चेंबरचा नट सुटत नव्हता म्हणून त्यानं पान्याला पाईप लावून ओढला. ट्रक थोडासाच सरकला. पोरगा वाचला, पण उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. एसटीचा अर्ज आम्ही दोघांनी एकाच दिवशी भरला होता. मी लागलो, तो गावी परत गेला. घोडी तिथंच भिंतीला टेकून ठेवलेली होती. जॅक मीच मारला होता. उस्तादाला घाई होती, "घोडी आणू का" एवढं विचारायला मला तोंड होतं, आणि मी गप्प राहिलो. पुढं हाताखाली पोरं आली तेव्हा घोडीवरून मी त्यांना किती बोललो असेन, त्याला सुमार नाही. त्याच्या गावी मात्र एकदाही गेलो नाही. जायला हवं होतं.

आता रागावणं संपलं. तू स्वतः ऑईल बदलतोस याचं मला मनापासून कौतुक आहे, ते अक्कानं सांगितलं तेव्हाच वाटलं होतं. विहिरीवरच्या इंजिनाचं ऑईल आबा बदलायचे तेव्हा तू चिमणीएवढा होतास, त्यांच्या मांडीला टेकून बसायचास आणि ते काळं ऑईल त्यांच्यासारखं दोन बोटांत चोळून बघायचास. तो हात तुझ्यात आला आहे. गाडीवर माया असलेला माणूस गाडीचा आवाज ओळखतो, आणि माळशेजचा घाट रात्री भरल्या गाडीनं उतरणाऱ्याला ते यायलाच हवं.

पण आबांच्या इंजिनाची गोष्ट वेगळी होती. त्याला बाजारात मिळेल ते ऑईल चालून गेलं. तुझी गाडी बीएस-6 आहे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी चालताना जळून जाते, पण ऑईलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती तिथंच साचत राहते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचं ऑईल लागतं. डब्यावरचं 15 डब्ल्यू 40 नाहीतर 5 डब्ल्यू 30 एवढंच वाचून भागत नाही. गाडीच्या पुस्तकात जो दर्जा छापलेला असेल तो डब्यावर शोध, सापडला नाही तर डबा परत कर. सुटं ऑईल घेऊ नकोस, कितीही ओळखीचा दुकानदार असो.

गाडी कडकडीत गरम असताना नट काढू नकोस. वाशीहून आल्या आल्या खाली शिरायचं नाही, ऑईल हात भाजून काढतं. कोमट होऊ दे, तेव्हाही ते चांगलं निथळतं. नटाचा वायसर दर वेळी नवा. नट आधी हातानं फिरवून आटे बरोबर बसलेत हे बघ, मग पाना लाव. चेंबरचे आटे गेले तर वाचवलेली मजुरी कितीतरी पटींनी जाते. फिल्टर काढलास की त्याचा जुना रबर इंजिनाला चिकटून राहिला नाही ना, ते बोट फिरवून बघ. नव्या रबराला ऑईलचं बोट लाव. भरताना पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी ओत, गाडी चालू करून बंद कर, पाच-दहा मिनिटांनी गेज बघ आणि मग वर आण. वरच्या खुणेच्या पुढं नको. जास्त झालं की क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. पहिल्यांदा चालू करशील तेव्हा रेस देऊ नकोस, टर्बोपर्यंत ऑईल पोचू दे.

पैशाचंही बोलतो, कारण हप्ते डोक्यावर आहेत हे मला दिसतं. फ्री सर्व्हिसला मजुरी माफच असते, ऑईल-फिल्टरचे पैसे पडतात, आणि ते घरी केलंस तरी पडणारच. मग वॉरंटीत असलेल्या गाडीचा हा धोका कशाला पत्करतोस? तेवढ्या सर्व्हिस शोरूमलाच कर, पुस्तकात शिक्का घे. पुढं घरी करशील तेव्हा ऑईल-फिल्टरची बिलं जप आणि किलोमीटर वहीत लिही. नवीन गाडीत इंजिनाचं काही निघालं तर पहिला प्रश्न त्या बिलांचाच येतो.

काढलेलं काळं ऑईल ओढ्याला सोडू नकोस. गोठ्याच्या मेढींनाही लावू नकोस, गुरं चाटतात. आपल्याकडं पूर्वीपासून लावतात हे मला माहीत आहे, पण ते ऑईल विषारी असतं. सरकारच्या 2016 च्या नियमांत त्याची गणना घातक कचऱ्यात आहे. डब्यात भरून ठेव आणि जुनं ऑईल घेणाऱ्या परवानाधारकाकडंच दे.

एवढं सगळं लिहिलं, पण तू बाकीचं विसरलास तरी चालेल. ऑईल चुकलं तर इंजिन उघडता येतं, आटे गेले तर चेंबर बदलता येतं. दाजी गेले तेव्हा तू दहावीत होतास. त्या घरात अक्काला, सूनबाईला आणि चिऊला तूच आहेस. मला मूलबाळ नाही, हे तुला सांगायला नको.

मी चांगल्या तीन टनी घोड्यांची जोडी घेऊन ठेवली आहे. येत्या शनिवारी सकाळच्या एसटीनं घेऊन येतो. अंगणातल्या एका कोपऱ्यात चार चाकांपुरता काँक्रीटचा तुकडा आपण दोघं मिळून टाकू, सिमेंट-खडीचे पैसे माझे, यावर वाद घालायचा नाही. मामी पुरणपोळ्या पाठवते आहे. तोवर गाडीखाली जाऊ नकोस, बाळा. पत्र मिळालं की फोन कर आणि तेवढं एक मला तुझ्या तोंडून सांग.

तुझा
मामा