हिवाळ्यातील आभाळ : रत्नागिरीच्या हवामानावरून एक निरीक्षणपाठ

पाठाचा हेतू

ढगांचा पाठ बहुतेक शाळांत पावसाळ्यात घेतला जातो. हे स्वाभाविक असले तरी सोयीचे नाही. पावसाळ्यात कोकणचे आभाळ बहुधा भरलेले असते आणि खालच्या काळ्या थरामुळे वरचे ढग झाकले जातात. हिवाळ्यात आभाळ पुष्कळदा निरभ्र असते. म्हणून एखादाच ढग आला तरी त्याचा आकार, उंची व गती मुलांच्या ध्यानी येते. शिवाय मोहोरलेला आंबा आणि समुद्रात गेलेली नौका यांवर ज्या घराचा चरितार्थ चालतो, त्या घरातील मूल आभाळाविषयीचे बोलणे नित्य ऐकत असते. हे ऐकीव ज्ञान निरीक्षणाने पारखून घेण्याची सवय लावणे, हा या पाठाचा हेतू होय.

हवेची ओळख

रत्नागिरी समुद्रकाठी असल्यामुळे तेथील थंडी बेताची असते. जानेवारीत दुपारचे तापमान सरासरीने ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पहाटे ते २० अंशांच्या थोडे खाली उतरते. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते व सावकाश निवते. म्हणून दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात, तर रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ही दोन नावे मुलांना घरूनच ठाऊक असतात. शिक्षकांनी केवळ कारण जोडून द्यावे.

ढगांचे प्रकार

ल्यूक हॉवर्ड या इंग्रज निरीक्षकाने १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ढगांचे वर्गीकरण मांडले. आज ढगांचे दहा मुख्य प्रकार मानले जातात. प्राथमिक शाळेत पुढील पाच पुरेत.

१. तंतुमेघ : पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे पांढरे ढग. ते सहा किलोमीटरांहून अधिक उंचीवर असतात. उंची वाढते तसे तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरते. म्हणून हे ढग हिमकणांचे बनलेले असतात.

२. तंतुस्तरमेघ : याच उंचीवरील पातळ, दुधी पडदा. यातून सूर्य दिसतो व सावली पडते. चंद्राला मोठे खळे पडते ते बहुधा याच ढगातील हिमकणांमुळे.

३. मध्यराशिमेघ : मेंढ्यांच्या कळपासारखे लहान पुंजके, मधल्या उंचीवर.

४. स्तरराशिमेघ : दोन किलोमीटरांच्या खाली असलेले मोठे, करडे, एकमेकांस लागून पसरलेले पुंजके.

५. राशिमेघ : सपाट तळाचे व फुलकोबीसारख्या माथ्याचे सुटे ढग. जमीन तापल्यावर वर चढणाऱ्या हवेतून ते बनतात. म्हणून सकाळपेक्षा दुपारी अधिक दिसतात.

तिसरा व चौथा प्रकार ओळखताना मुलांचा गोंधळ होतो. त्यासाठी बोटांचे माप वापरावे. हात पूर्ण लांबवून आभाळात बऱ्याच वर असलेल्या पुंजक्यावर बोटे धरावीत. एक ते तीन बोटांत मावणारा पुंजका मध्यराशिमेघाचा, तीन बोटांबाहेर जाणारा स्तरराशिमेघाचा समजावा. सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना प्रत्येक वेळी द्यावी.

प्रत्यक्ष निरीक्षण

शाळा सकाळची असेल तर चुलीच्या किंवा शेकोटीच्या धुराकडे लक्ष वेधावे. मतलई वाऱ्याने धूर पश्चिमेस, समुद्राकडे झुकलेला दिसेल. त्याच वेळी तंतुमेघ आले असल्यास एखाद्या माडाच्या शेंड्याशी त्यांची जागा ताडून पाहावी. ते बहुधा पूर्वेकडे सरकताना दिसतील, कारण हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून येतात. खालचा वारा व वरचा वारा भिन्न असू शकतो, ही गोष्ट मुलांना आकृतीपेक्षा या दृश्यावरून लवकर उमजते.

आभाळ आणि मोहोर

‘आभाळ आले, मोहोर गेला’ असे मूल वर्गात सांगेल. त्यास खोडून काढू नये व तसेच स्वीकारूही नये. ढग स्वतः मोहोर जाळीत नाही. मात्र तो जमिनीची उष्णता अडवितो, त्यामुळे रात्र उबदार राहते. अशा ढगाळ, दमट हवेत तुडतुडे व भुरी यांस जोर चढतो आणि मोहोर गळतो. कोणत्या प्रकारचे आभाळ किती दिवस टिकले, हे पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

निरीक्षणाची मर्यादा

डोळ्यांसमोरचे आभाळ दूरच्या समुद्राची सारी वार्ता सांगत नाही. २०१७ साली नोव्हेंबरच्या अखेरीस श्रीलंका-कन्याकुमारीजवळ उद्भवलेले ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकले. केरळच्या कित्येक मच्छीमार नौका सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास लागल्या आणि ५ डिसेंबरला मुंबईत भर हिवाळ्यात पाऊस पडला. म्हणून ढग ओळखता येऊ लागले तरी भारतीय हवामान विभागाचा इशारा निघाल्यावर नौका बाहेर काढावयाची नसते, हे मुलांच्या मनावर निश्चित बिंबवावे. ते मूल घरी जाऊन हेच सांगेल.

उपक्रम

पंधरा दिवस ठरावीक वेळी पुढील नोंदी वर्गाच्या वहीत कराव्यात : आभाळाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती ढगांनी झाकले आहेत, ढगाचा प्रकार, धुराची दिशा, पहाटे गवतावर दव होते की नाही. प्रकार ओळखता न आल्यास चित्र काढावे. अंदाजाने नाव लिहू नये.

प्रश्न : निरभ्र रात्रीनंतर दव अधिक का आढळते? राशिमेघ दुपारी का वाढतात? तंतुमेघ दिसले म्हणजे लगेच पाऊस येईल, असे म्हणता येईल काय?

या प्रश्नांची उत्तरे मुलांनी शक्यतो आपल्या वहीतील नोंदींच्या आधारे द्यावीत. ज्या मुलाने पंधरा दिवस आभाळ पाहिले, त्याचे उत्तर अपुरे असले तरी ते पाठ केलेल्या उत्तराहून अधिक मोलाचे मानावे.