गाजलेला गेम चांगला होता का? 'फौजी' या मोबाईल गेमवरून परीक्षण शिकवताना (इयत्ता नववी-दहावी)



परीक्षण कसं लिहायचं हे शिकवायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा एखादं पुस्तक नाहीतर सिनेमा घेतो. पुस्तक निम्म्या वर्गाने वाचलेलं नसतं. सिनेमा दिला तर मुलं सगळी गोष्ट लिहून काढतात आणि शेवटी 'मला हा सिनेमा खूप आवडला' असं लिहून वही मिटतात. मोबाईल गेम मात्र वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना ठाऊक असतो. ज्याच्या घरी चांगला फोन नाही तोसुद्धा मित्राच्या खांद्यावरून डोकावून पाहत असतो. आमची शाळा धुळे-जळगाव रस्त्याच्या आतल्या गावात आहे. तिथेही 'सुट्टीत काय केलं?' या प्रश्नाला पहिलं उत्तर गेमचंच येतं. म्हणून दोन तासिका मी याच विषयाला दिल्या. त्यात काय घेतलं आणि अवघड कुठे गेलं, ते इथे लिहिते.

फळ्यावर प्रश्न एकच लिहिला होता : गाजलेला गेम आणि चांगला गेम, एकच का?

सुरुवात 'जीटीए सिक्स'च्या नावाने झाली, तीही मुलांनीच केली. या गेमचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. जगात कोणी तो खेळलेलं नसताना 'आतापर्यंतचा सगळ्यात भारी गेम' हे वाक्य आमच्या वर्गात येऊन पोहोचलं होतं. (ही मालिका मोठ्यांसाठी आहे, मुलांसाठी नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावं. इथे एवढंच.) मी विचारलं, "न चाखता भरीत चांगलं झालंय हे कसं सांगता येईल?" एक मुलगा म्हणाला, "वासावरून, मॅडम." उत्तर खोटं नाही. ट्रेलर हा वासच असतो. फक्त तो वास बनवणारा आणि भरीत विकणारा एकच असतो, एवढं मुलांच्या लक्षात आणून द्यायचं.

अभ्यासासाठी मी निवडला तो 'फौजी'. तो आपल्या देशात बनला, त्याचा गाजावाजा प्रचंड झाला, त्याची गोष्ट पुरी झालेली आहे, आणि त्यात एक नाजूक जागा आहे जिथे मुलांचा खरा कस लागतो.

आधी घडलं ते तारखांसकट सांगितलं. १५ जून २०२० च्या रात्री लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली आणि आपले २० जवान शहीद झाले. २ सप्टेंबरला सरकारने पबजी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली. ४ सप्टेंबरला, म्हणजे दोनच दिवसांनी, अभिनेता अक्षय कुमारने 'फौजी'ची घोषणा केली. बनवणारी कंपनी बंगळुरूची एनकोर गेम्स. घोषणेत 'आत्मनिर्भर भारत' होतं, आणि निव्वळ उत्पन्नातले २० टक्के 'भारत के वीर' या निधीला देणार असंही होतं. दसऱ्याला टीझर आला. नोव्हेंबरच्या शेवटी प्ले स्टोअरवर आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या २४ तासांत दहा लाखांवर लोकांनी नाव नोंदवलं. गेम आला २६ जानेवारी २०२१ ला. सुरुवातीला साडेचारच्या वर असलेलं रेटिंग थोड्याच दिवसांत तीन-साडेतीनच्या घरात आलं.

इथे थांबून मुलांना विचारलं : दहा लाख लोकांनी नोंदणी केली ती कशासाठी? गेम चांगला होता म्हणून? तो तर हातात आलेलाच नव्हता. मग मुलं एकेक सांगू लागली. अक्षय कुमार. पबजी बंद झाला म्हणून. चीनचा राग आला होता म्हणून. जवानांसाठी. चारही कारणं खरी होती. पण चारांपैकी एकाचाही गेम कसा आहे याच्याशी संबंध नव्हता. हे त्यांनीच शोधलं, मी फक्त फळ्यावर लिहीत गेले.

मग खुद्द गेम. त्यातली लढाई गलवानमध्ये घडते. खेळाडू एक भारतीय जवान आहे, एकामागून एक शत्रू समोर येतात आणि तो हाताने, दांडक्याने किंवा हाती लागेल त्या हत्याराने लढतो. बंदूक नाही. एकट्याने खेळायचा गेम, मित्रांबरोबर नाही. पबजीची सवय असलेल्या मुलांनी याच कारणाने त्याला एक तारा दिला. हा निवाडा मला पटत नाही. कंपनीचे विशाल गोंदल यांनी आधीच सांगितलं होतं की हा पबजीला पर्याय म्हणून काढलेला नाही, त्याचं काम आधीपासून चालू होतं. शेवभाजी मागवून 'यात पनीर का नाही' म्हणण्यासारखं ते झालं. शिवाय गलवानमध्ये गोळीबार झालाच नव्हता, लढाई हातघाईची होती. तेव्हा बंदूक नसणं ही गेमची उणीव नाही. त्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट तीच आहे. दुसरी आवडण्यासारखी गोष्ट म्हणजे शेकोटी. जवान जखमी झाला की शेकोटीजवळ बसतो आणि त्याची ताकद परत येते. त्या थंडीची आठवण खेळणाऱ्याला या एका युक्तीने मिळते. आणि गेमचा आकार पाचशे एमबीच्या आत होता, साध्या फोनवरही चालायचा. खेड्यातल्या मुलांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

पण एवढं म्हणून झालं की पुढे सांगायला फार उरत नाही. तेच शत्रू, तेच वार, तेच मैदान. दहाव्या मिनिटाला जे करायचं तेच तासाभरानंतर. शत्रू एकेक करून पुढे येतो आणि मार खातो. गेममध्ये डोकं लावायची जागा फार थोडी. ज्या प्रसंगात माणसं खरोखर गेली तो प्रसंग इतका एकसुरी व्हावा याचं वाईट वाटतं. माझं मत स्पष्ट सांगते : येण्याआधी झालेली स्तुती या गेमला लागू नव्हती, आणि आल्यावर झालेली शिवीगाळही निम्मी चुकीच्या कारणासाठी होती. गेम सामान्य होता, आणि सामान्य गेमला सामान्य म्हणायला त्या वेळी कोणी धजत नव्हतं.

का धजत नव्हतं? ही ती नाजूक जागा.

वर्गात एक मुलगी उभी राहिली. तिचा काका सैन्यात आहे. "मॅडम, हा गेम बोअर आहे असं लिहिलं तर जवानांचा अपमान नाही का होणार?" वर्ग एकदम शांत. आमच्याकडे पहाटे पाचला मैदानावर भरतीसाठी धावणारी पोरं आहेत, बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी वर्दीत आहे. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता आणि 'तसं काही नसतं गं' म्हणून उडवण्यासारखाही नव्हता.

मी शाळेतलंच उदाहरण घेतलं. शिवजयंतीला आपण नाटक बसवतो. एखादा संवाद विसरतो, एखाद्याची मिशी निघून येते, तलवार म्यानातून निघत नाही. दुसऱ्या दिवशी आपण सगळे मिळून बोलतो की नाटक कुठे पडलं. तो महाराजांचा अपमान होतो का? "नाही!" असं सगळे ओरडले. उलट, महाराजांवरचं आहे म्हणून तर नीट बसवायला हवं होतं, असं मागच्या बाकावरून आलं. मग मी त्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "म्हणजे गेम वेगळा आणि जवान वेगळे." तिने ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या तासाला इतरांच्या वह्यांतही ते वाक्य सापडलं.

'मग पैसे जवानांना जातात, त्याचं काय?' हा पुढचा प्रश्न. इथे जाहिरात शब्दन् शब्द वाचायला लावली, आणि सगळ्यात जास्त शिकणं इथेच झालं असं मला वाटतं. 'निव्वळ उत्पन्न' म्हणजे काय? खर्च वजा जाता उरतं ते. म्हणजे आलेल्या शंभरातले वीस नव्हेत. खर्च भागून जे उरेल त्यातला पाचवा हिस्सा. (गणिताच्या सरांनी यावर नंतर दोन उदाहरणं सोडवून घेतली.) गेम तर फुकट होता, मग उत्पन्न कुठून? गेमच्या आत वस्तू विकत घेण्यातून. जो फुकट खेळला त्याने खरेदीत काही भर घातली नाही. आणि 'भारत के वीर' म्हणजे कोण? हा निधी २०१७ मध्ये गृह मंत्रालयाच्या पुढाकाराने सुरू झाला, तो सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या शहिदांच्या कुटुंबांसाठी. गलवानमध्ये गेलेले २० जण लष्करातले होते. निधीचं काम मोलाचंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण गेम गलवानचा आणि निधी दुसऱ्या दलांचा, हा फरक माझ्या वर्गात एकालाही माहीत नव्हता, आणि खरं तर शिक्षक खोलीतही फारसा नव्हता. यात कोणी फसवलं असं मी म्हणत नाही. शब्द तर समोरच होते, आपण ते भावनेच्या भरात वाचले.

दहावीच्या उपयोजित लेखनात आपण जाहिरात लिहायला शिकवतो : आकर्षक शब्द, ठळक नाव, कमी जागा. जाहिरात वाचायची कशी, हे त्यासोबत शिकवलं तर तोच घटक दुप्पट उपयोगी पडेल.

दुसऱ्या तासिकेत तुलनेसाठी एक गेम घेतला, 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. हा आपल्या पुण्याचा, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून ऑनलाइन वर्गणी मागून पाहिली, ती पुरी झाली नाही. तरी काम चालू ठेवून ऑगस्ट २०२० मध्ये गेम आणला, म्हणजे 'फौजी'च्या घोषणेच्या थोडंच आधी. आमच्या वर्गात एकानेही नाव ऐकलेलं नव्हतं, कारण तो सुरुवातीला फोनवर नव्हता, निन्टेन्डो स्विचवर आला आणि नंतर कॉम्प्युटर वगैरेंवर. राजी नावाची मुलगी हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधत राक्षसांशी लढते. दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलत असतात, मधले प्रसंग कळसूत्री सावल्यांच्या खेळासारखे दिसतात, महाल राजस्थानी घडणीचे आहेत. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. चित्रफीत दाखवल्यावर मुलं अवाक झाली. पण इथेही मी थांबवलं. पुण्याचा आहे म्हणून चांगला, हेही कारण चालणार नाही. परीक्षकांनी त्याच्या दोषांवरही बोट ठेवलं होतं : लढाई काही ठिकाणी अडखळते, गेम पाच-सहा तासांत संपतो आणि शेवट तुटल्यासारखा वाटतो. एका मुलाने लिहिलं, 'डोळ्यांसाठी दहापैकी नऊ, शेवटासाठी चार.' मला ते दोन ओळींचं परीक्षण फार आवडलं. त्यात स्तुती कशाची आणि तक्रार कशाची, दोन्ही कळतं.

लिहिण्यासाठी साचा नवा शोधला नाही. कवितेच्या रसग्रहणाचाच घेतला. आशयसौंदर्याच्या जागी : गेम काय सांगतो, कोणाची गोष्ट आहे? काव्यसौंदर्याच्या जागी : खेळताना काय करायला मिळतं, ते कंटाळवाणं होतं की नवं राहतं? भाषिक वैशिष्ट्यांच्या जागी : चित्रं, आवाज, भाषा. रसग्रहण म्हटलं की तोंड वाकडं करणारी पोरं यावर दीड-दीड पान लिहून आली. अटी दोनच होत्या. 'भारी', 'खतरनाक', 'बेकार' हे शब्द पुढे 'कारण' असल्याशिवाय चालणार नाहीत. एकाने विचारलं, "मॅडम, अहिराणीत 'भारी शे' लिहिलं तर?" म्हटलं, लिही, पण 'कारण' अहिराणीतही लागेल.

दुसरी अट, परीक्षणावर तारीख घालायची. कारण गेम हे पुस्तकासारखं छापून मोकळं होत नाही. 'फौजी'मध्येच जून २०२१ च्या सुमारास गटाने खेळायचा प्रकार आला, तेव्हा जानेवारीत लिहिलेली 'मित्रांसोबत खेळता येत नाही' ही तक्रार जुनी झाली. सगळ्यात मोठं उदाहरण 'सायबरपंक २०७७' चं. वर्षानुवर्षं वाट पाहायला लावलेला हा पोलंडचा गेम १० डिसेंबर २०२० ला आला आणि इतका बिघडलेला होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत देऊ केले. पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि २०२३ नंतर तोच गेम लोक आवडीने खेळू लागले. मग आधीची टीका खोटी होती का? नाही, ती त्या दिवसाच्या गेमवर होती. तारीख असली की दोन्ही खरं राहतं.

पालकांसाठी थोडं. मूल 'नवा गेम येतोय, सगळे घेताहेत' म्हणालं की लगेच नाही किंवा हो म्हणू नका. आधी विचारा, खेळलंय कोणी? ज्या यूट्यूबरने सांगितलं त्याला कंपनीने पैसे दिले आहेत का? व्हिडिओच्या कोपऱ्यात तसं लिहिलेलं असतं, मुलांनाच शोधायला सांगा, त्यांना मजा येते. आगाऊ नोंदणी फुकट असते हे खरं, पण नोंदणी केल्यावर मिळणारं 'बक्षीस' पुढे खरेदीची सवय लावायला असतं. गेम आल्यावर पंधरा दिवस थांबा, मग दोन तारे आणि चार तारे देणाऱ्यांची मतं मुलासोबत वाचा. एक आणि पाच ताऱ्यांत बहुतेक वेळा राग नाहीतर प्रेम असतं, कारणं मधल्यांत सापडतात.

ज्यांना ही तासिका घ्यायची असेल त्यांनी 'फौजी'च घ्यावा असं नाही. पण गेम असा निवडा, ज्याच्यावर वाईट बोलायला मुलं कचरतील. आमच्याकडे पुढच्या महिन्यात मुलं गेम सोडून गावातल्या एका नव्या, खूप जाहिरात झालेल्या क्लासच्या पत्रकाचं परीक्षण लिहिणार आहेत. 'शंभर टक्के निकाल' यातल्या शंभर म्हणजे कितीपैकी किती, हा प्रश्न त्यांनी आत्ताच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय.