‘पारायणिक’ हा शब्द आहे काय?

वाचकहो, आज एका शब्दाचा निवाडा करायचा आहे, आणि त्यात पहिला दोष आमच्याच पदरी आहे.

एका गावाहून सप्ताहाचे निवेदन आमच्याकडे छापावयास आले होते. लिहिणारा शाळकरी मुलगा. त्याने लिहिले होते, ‘पारायणिक मंडळींची उतरण्याची सोय देवळाच्या ओवरीत केली आहे.’ आम्ही ‘पारायणिक’वर तांबडी रेघ ओढली, ‘पारायणास बसणारी’ असे वर घातले, आणि शेजारी लिहिले, ‘असा शब्द नाही.’ पुढे त्या गावचे एक वृद्ध माळकरी भेटले. म्हणाले, “माउली, पोरगं पार हिरमुसलं हो. आता काही लिही म्हटलं की नको म्हणतं. खरंच नाही का तो शब्द?” ‘नाही’ म्हणायला आम्ही तोंड उघडले, आणि ध्यानात आले की आपण पाहिले मात्र कुठेच नव्हते.

म्हणून घरी येऊन पाहिले. नामाला ‘इक’ लागून विशेषण होते, तेव्हा बहुधा शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते. अ चा आ, इ चा ऐ, उ चा औ. धर्म–धार्मिक, दिन–दैनिक, उद्योग–औद्योगिक. आपल्या नित्याच्या बोलण्यातले पाहा: प्रपंच–प्रापंचिक, परमार्थ–पारमार्थिक, संप्रदाय–सांप्रदायिक. आता ‘पारायण’ घ्या. त्यात पहिला स्वर मुळातच ‘आ’ आहे. वृद्धी झाली तरी डोळ्यांना बदल दिसत नाही, म्हणून रूप उपरे वाटते. पण ते नियमाला धरूनच आहे.

एवढेच नव्हे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पाचव्या अध्यायाच्या पहिल्या पादात, पारायण, तुरायण आणि चांद्रायण या तिघांसाठी एक स्वतंत्र सूत्रच आहे. ते ते आचरणारा तो पारायणिक, तौरायणिक, चांद्रायणिक. म्हणजे आम्ही ज्याला ‘नाही’ म्हटले, तो दोन हजार वर्षांहून जुना निघाला!

आता उलट बाजू पाहा. ‘अध्यात्मिक’ असे किती ठिकाणी लिहिलेले दिसते! पाट्यांवर, पत्रिकांवर, पुस्तकांवरसुद्धा. नियमाने रूप ‘आध्यात्मिक’ होते. ते चुकीचे रूप आपल्याला खटकत नाही, कारण ते रोजचे आहे. आणि ‘पारायणिक’ खटकला, कारण तो नवखा होता. नेहमी दिसतो तो शब्द बरोबरच असतो असे नाही, आणि कधी पाहिला नाही तो चुकीचाच असतो असेही नाही.

मग मराठीत सरसकट ‘पारायणिक’च म्हणावे काय? तसेही नव्हे. मराठीची स्वतःची रीत आहे. ती ‘ई’ लावते, ‘करी’ लावते. टाळकरी, विणेकरी, फडकरी हे शब्द कोणी पाणिनीला विचारून केले नाहीत. नाथांनी एकादश स्कंधावरील टीका शके १४९५ मध्ये काशीत पुरी केली. तिला लोक ‘एकनाथी भागवत’ म्हणतात. ‘एकनाथी’ हे विशेषण खरे की खोटे, असे कोणी विचारले नाही. शब्दाला दोन दारे आहेत: एक व्याकरणाचे, दुसरे रूढीचे. ‘पारायणिक’ पहिल्या दाराने आत आलेला आहे. दुसऱ्या दाराशी अजून उभा आहे.

एक मर्यादा मात्र ध्यानी घ्यावी. सूत्रातला अर्थ पारायण करणाऱ्याचा आहे. तेव्हा ‘पारायणिक मंडळी’ शोभते. ‘पारायणिक पोथी’ म्हणणे ओढून ताणून होईल. तेथे ‘पारायणाची पोथी’ हेच सरळ.

त्या मुलाने तो शब्द मंडळींनाच लावला होता. म्हणजे नेमका योग्य जागी. आम्ही त्याला पत्र घातले आहे: ‘बाळ, शब्द तुझा खरा, रेघ आमची खोटी. पुढल्या सप्ताहाचे निवेदन तूच लिही.’