पोकलेनची ‘झटपट जोड’ : बकेट बदलण्याचे तंत्र आणि आपल्या वर्कशॉपचे काम

विहीर असो, शेततळे असो वा इमारतीचा पाया, काम निघाले की पहिला फोन ‘जेसीबी’वाल्याला जातो. जेसीबी हे खरे तर एका ब्रिटिश कंपनीचे नाव. चेनवर चालणाऱ्या मोठ्या यंत्राला आपण ‘पोकलेन’ म्हणतो, तेही एका फ्रेंच कंपनीचे नाव. कंपन्या बाजूला राहिल्या आणि नावे आपल्या बोलीत मुरली. असो. या यंत्रांच्या मागे मोठा धंदा उभा आहे. बकेटला पट्ट्या मारणारे वेल्डर, पिन-बुश करणारे लेथवाले, होज पाइप प्रेस करणारे दुकानदार आणि जुन्या सुट्या भागांचे व्यापारी यांत आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्याकडे अलीकडे एक नवी वस्तू दुरुस्तीला येऊ लागली आहे. तिला ‘क्विक कपलर’ किंवा ‘क्विक हिच’ म्हणतात. ती नीट समजून न घेता तिच्यावर वेल्डिंग केले तर काय होऊ शकते, हे सांगण्यासाठी आजचा हा पाठ.

यंत्राच्या हाताच्या टोकाला बकेट दोन पिनांवर बसते. पहिली पिन हाताच्या टोकातून जाते आणि बकेट तिच्याभोवती फिरते. दुसरी पिन लिंकमधून जाते. बकेटचा सिलिंडर या लिंकला ढकलतो तेव्हा बकेट मिटते वा उघडते. बकेट काढून रॉक ब्रेकर लावायचा तर या दोन्ही पिना काढायच्या, दुसरे साधन हाताखाली आणायचे, भोकांना भोके जुळवायची आणि पिना पुन्हा ठोकायच्या. पिन गंजलेली असेल तर दोन माणसे आणि मोठा घण घेऊन अर्धा तास सहज जातो. कडक केलेल्या पिनेवर कडक घण बसला की पोलादाची कपची उडते. कित्येक मदतनिसांचे डोळे असे गेले आहेत. पिन थेट घणाने न ठोकता मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा ठोकळा धरावा, हा जुन्या उस्तादांचा नियम त्यासाठीच आहे.

झटपट जोड ही यावरची युक्ती होय. हात आणि बकेट यांच्यामध्ये एक पोलादी पेटी कायमची बसवतात. ही पेटी हाताला नेहमीच्या दोन पिनांनी जोडलेली असते. खालच्या बाजूला तिला दोन जबडे असतात. बकेटच्या पिना बकेटच्याच कानांत बसवून ठेवायच्या. चालक पुढचा जबडा एका पिनेत अडकवतो, पेटी आत वळवतो, दुसरी पिन मागच्या जबड्यात येते, आणि मग सिलिंडर किंवा स्क्रू सरकता जबडा पुढे ढकलून तिला घट्ट धरतो. दोन-तीन मिनिटांत बकेट बदलते. हिला पिन पकडणारी जोड म्हणतात. कंपनीची मूळ बकेट हिला चालते, म्हणून बाजारात हीच जास्त दिसते. काही जोडींवर बकेट उलटी लावून समोरची माती ओढण्याऐवजी ढकलून भरता येते, हा आणखी एक फायदा.

दुसऱ्या प्रकारात बकेटच्या मूळ पिना वापरतच नाहीत. प्रत्येक साधनाच्या डोक्यावर ठरावीक मापाची चौकट वेल्ड करतात आणि जोड त्या चौकटीला पाचरीने धरते. या बाबतीत स्वीडनचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथे ‘एस’ नावाची मापांची मालिका रूढ झाली. एस-४५ म्हणजे ४५ मिलिमीटरची पिन, एस-६० म्हणजे ६० ची, एस-७० म्हणजे ७० ची. दोन पिनांमधील अंतर आणि रुंदीही त्याच नावात ठरलेली. त्यामुळे एका कारखान्याची बकेट दुसऱ्या कारखान्याच्या जोडीवर बसते आणि लहान वर्कशॉपही हातात माप घेऊन निर्धास्त बकेट बनवू शकते. आपल्याकडे असे सर्वमान्य माप नाही. वीस टनी वर्गातल्या बऱ्याच यंत्रांची पिन ८० मिलिमीटरच्या आसपास असते खरी, पण कानांमधील रुंदी आणि पिनांमधील अंतर कंपनीगणिक बदलते. एकाच ठेकेदाराच्या तीन यंत्रांच्या तीन बकेटी एकमेकांना बसत नाहीत, ही तक्रार कोणत्याही साइटवर ऐकायला मिळेल. आपल्या कारागिरांना काम मिळते ते याच विसंगतीतून.

माप घेण्याची पद्धत साधी आहे, पण चूक इथेच होते. पिनेचा व्यास एकाच जागी मोजू नये. पिन जिथे बुशमध्ये फिरते तिथे झिजते आणि कानात बसलेल्या भागात जवळपास मूळ मापाची राहते. म्हणून व्हर्नियरने तीन जागी आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजावे. दोन पिनांमधील मध्य ते मध्य अंतर टेपने अंदाजे घेऊ नये. पिनांच्या आतल्या कडांमधील अंतर मोजावे आणि त्यात दोन्ही पिनांचा अर्धा-अर्धा व्यास मिळवावा. उदाहरणार्थ, आतले अंतर ३९० आणि दोन्ही पिना ८० च्या असतील तर मध्य ते मध्य ४७० मिलिमीटर झाले. त्यानंतर दोन कानांमधील आतली रुंदी आणि हाताच्या टोकाची रुंदी मोजून त्यांतील फट लिहून ठेवावी. फट जास्त असेल तर वॉशर घालतात. पण दोन्ही बाजूंना सारखे न घालता एकाच बाजूला कोंबले की बकेट तिरकी ओढते आणि बुश एका कडेने खाल्ली जाते.

आता मुख्य प्रश्न कुलपाचा. वर सांगितलेली क्रिया वाचून एखाद्याला वाटेल की ही वस्तू आपणही जाड प्लेट कापून बनवू. पेटी बनवणे खरोखरच अवघड नाही, अवघड आहे ती धरून ठेवण्याची खात्री. समजा बकेट भरलेली आहे, हात वर आहे, खाली चरात माणूस पाइप जोडतो आहे, आणि नेमक्या त्या क्षणी होज पाइप फुटला. सिलिंडरमधील दाब गेला. सरकता जबडा मागे आला तर शेकडो किलोची बकेट थेट खाली. म्हणून चांगल्या जोडीत सिलिंडरच्या अंगावरच चेक व्हॉल्व असतो. होज फुटला तरी तेल आत अडकून राहते. त्याशिवाय दाब अजिबात नसतानाही जबडा सुटू नये म्हणून स्प्रिंग, पाचर किंवा अडसर अशी यांत्रिक पकड असते. स्क्रूच्या जोडीत आट्यांमुळे जबडा आपोआप मागे येत नाही.

याहून फसवा धोका वेगळाच आहे. चालकाला वाटते की दोन्ही पिना पकडल्या गेल्या, पण प्रत्यक्षात मागची पिन जबड्याच्या बाहेर राहिलेली असते. किंवा मागची पकडली जाते आणि पुढची हुकच्या तोंडाशी नुसती टेकलेली असते. जमिनीजवळ काम चालू असेपर्यंत बकेट आपल्या वजनाने जागेवर राहते आणि काही कळत नाही. हात लांब करून बकेट उघडली की ती झोका घेते किंवा पडते. पूर्वी पाश्चात्त्य देशांत अर्ध-स्वयंचलित जोडी फार चालत. त्यांत जबडा तेलाच्या दाबाने लागे, पण शेवटची सुरक्षा पिन चालकाने केबिनमधून उतरून हाताने घालायची असे. पाऊस, चिखल, घाई. पिन घालायची राहून जाई. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशा बकेटीखाली माणसे दगावली. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने आपल्या नोंदी तपासल्या तेव्हा १९९८ ते २००४ या काळात झटपट जोडीचे १५ अपघात सापडले आणि त्यांत ८ माणसे मेली होती. त्यानंतर नियम कडक झाले. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये या वस्तूसाठी स्वतंत्र मानक काढले आणि २०१६ मध्ये आयएसओ १३०३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यामागची दृष्टी अशी की सुरक्षा माणसाच्या आठवणीवर सोडायची नाही, ती यंत्रातच असली पाहिजे. नव्या बनावटीच्या जोडीत म्हणूनच पुढच्या पिनेलाही वेगळे कुलूप देतात. एक सुटले तरी दुसरे धरते.

आमच्या परिचयातील एका मिस्त्रींकडे दोन वर्षांपूर्वी अशीच एक जोड आली होती. पुढच्या जबड्याचे कुलूप वाकले होते आणि बकेट लवकर सुटत नव्हती. मालकाचे म्हणणे, “ती पट्टी कापून टाका, भाई, नुसती अडथळा करते.” मिस्त्रींनी नकार दिला. मालक रागावून दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेला आणि तिथे ती पट्टी दहा मिनिटांत कापली गेली. पुढे काय झाले ते आम्हाला ठाऊक नाही. परंतु त्या दिवशी गेलेल्या गिऱ्हाइकाचे मिस्त्रींना आजही वाईट वाटत नाही आणि आम्हालाही त्यांचेच म्हणणे योग्य वाटते. कुलूप कापून देणाऱ्याला त्या वेळी मजुरी मिळते. अपघात झाला की मात्र पोलीस विचारतात, वेल्डिंग कोणी केले?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे : लहान वर्कशॉपने संपूर्ण जोड नकलून बनवू नये. जबडा, कुलूप, सिलिंडर आणि व्हॉल्व हे भाग कंपनीकडूनच घ्यावेत. त्याभोवतीचे काम मात्र भरपूर आहे. जोडीला बसतील अशा मापाच्या बकेटी, अरुंद चरासाठी वेगळी, सफाईसाठी रुंद बिनदाती. ब्रेकरच्या डोक्यावरची ब्रॅकेट. झिजलेल्या पिना आणि बुश. आणि लांबट झालेली भोके वेल्डिंगने भरून जागेवरच पुन्हा गोल करण्याचे लाइन बोअरिंग. या शेवटच्या कामाचे फिरते मशीन ज्याच्याकडे आहे त्याला साइटवाले घरून बोलावून नेतात.

कामात काही पथ्ये आहेत. पिन मऊ लोखंडाच्या सळईतून काढू नये. ईएन-१९ किंवा ईएन-२४ सारख्या पोलादाची करून पृष्ठभाग इंडक्शनने कडक करून घ्यावा. वरचा थर कडक आणि गाभा चिवट असला तरच पिन झिजतही नाही आणि मोडतही नाही. झीज-रोधक जाड प्लेटवर साधी कांडी वापरू नये. कमी हायड्रोजनची ७०१८ कांडी ओव्हनमध्ये तापवून घ्यावी आणि जाड सांध्याला आधी ऊब द्यावी, नाहीतर सांधा वरून सुबक दिसतो आणि दुसऱ्या दिवशी कडेने चीर जाते. बकेट यंत्रावर असताना वेल्डिंग करावे लागलेच तर बॅटरीची तार आधी काढावी आणि अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी शेजारी, त्याच तुकड्यावर लावावा. चिमटा चेनला लावला तर करंट पिना-बुशमधून आणि फिरत्या बेअरिंगमधून जातो. नव्या यंत्रांचे कंट्रोलरही यानेच जळतात, आणि त्यांची भरपाई वेल्डरच्या खिशाबाहेरची असते.

ज्यांची स्वतःची यंत्रे भाड्याने चालतात त्यांच्यासाठी दोन शब्द. जोड घ्यावी की नाही हा हिशेबाचा प्रश्न आहे. दिवसातून चार वेळा बकेट आणि ब्रेकर बदलत असाल आणि दर वेळी अर्धा तास जात असेल तर दोन तास गेले. त्याला आपल्या गावच्या तासाच्या भावाने गुणा. आठवड्यातून एकदाच बदल होत असेल तर जोड घेणे म्हणजे उगाच पैसे अडकवणे होय. शिवाय ती फुकट काम करत नाही. वीस टनी यंत्राची जोड तीनशे किलोच्या घरात जाते, म्हणजे तेवढा माल कमी उचलायचा. तिच्या उंचीमुळे बकेटचे दात पिनेपासून दूर जातात आणि खोदण्याची ताकद घटते. दात पिनेपासून १,५०० मिलिमीटरवर असतील आणि जोडीने २०० वाढवले, तर १,५०० भागिले १,७०० म्हणजे ताकद साधारण ८८ टक्के उरली. मुरमात हे जाणवणार नाही, काळ्या पाषाणात जाणवेल.

ब्रेकरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. साध्या जोडीने फक्त पिना पकडल्या जातात, तेलाचे होज हाताने काढून लावावेच लागतात. तोंडे पुसल्याशिवाय होज जोडले तर धूळ थेट पंपात जाते. तेलाच्या वाहिन्याही आपोआप जोडणाऱ्या जोडी युरोपात चालतात, पण त्यांची किंमत आपल्या भाडे-धंद्याला क्वचितच परवडते. शिवाय ब्रेकरच्या थरथरीने जबड्यातील फट लवकर वाढते. दिवसभर ब्रेकरच चालणार असेल तर जोड काढून ब्रेकर थेट हातावर पिनांनी बसवणे बरे.

आणि चालकाला एक सवय लावावी. साधन बदलले की आसपास कुणी नाही हे पाहून बकेट जमिनीलगत ठेवायची, तिचे दात जमिनीवर दाबायचे, आत-बाहेर वळवायची, थोडी ओढायची आणि हलवून पाहायची. मग खाली उतरून दोन्ही पिना व दोन्ही कुलपे डोळ्यांनी बघायची. नुसता दिवा लागला किंवा भोंगा थांबला म्हणून पुढे जायचे नाही. पिना जबड्यात बसल्या आहेत हे लांबून ओळखता यावे म्हणून आपण दुरुस्त केलेल्या कुलपाच्या टोकाला लाल रंगाचा पट्टा मारून द्यावा. त्याला रंगाचा एक छोटा डबा पुरतो.