उबुंटूवरून डेबियनवर जाताना

प्रश्न : शाळेच्या लॅपटॉपवर उबुंटू 18.04 आहे. डेबियन टाकायचं आहे, पण निकालपत्रकं जायला नकोत. – एक शिक्षक, वेल्हे

उत्तर : जरूर बदला, 18.04 ची मोफत नियमित अपडेट्स मे 2023 मध्येच थांबली. आधी सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्यातल्या चार-दोन तिथून उघडून बघा. ही पायरी गाळू नकाच. ‘होम’चं पार्टिशन वेगळं असेल, तर इन्स्टॉल करताना पार्टिशन स्वतः निवडा, त्याला ‘होम’च ठेवा आणि ते फॉरमॅट करू नका. वापरकर्त्याचं नावही जुनंच द्या. पार्टिशन वेगळं नसेल, तर डिस्क पुसून फाइली परत आणणं सोपं. वेल्ह्याच्या पावसात वीज दगा देऊ शकते. बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय सुरुवात करू नका.