निलगिरी सावकाश चढावा

मे महिन्यात ऊटीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. म्हैसूरहून पहाटे गाडी, दुपारी तलाव, संध्याकाळी बोटॅनिकल गार्डन, दुसऱ्या दिवशी दोड्डाबेट्टा आणि परत. हा डोंगर मला फार प्रिय आहे, आणि असा धावत पाहिला तर त्यातलं काहीच पदरात पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वेगवेगळ्या ऋतूंत तिथे राहून जे उमजलं, ते इथे मांडते.

१. चढायचं ते रेल्वेने. आधी कोइंबतूर गाठावं, तिथून पायथ्याचं मेट्टुपालयम. सकाळी सातच्या सुमाराला सुटणारी मीटरगेजची गाडी ४६ किलोमीटर जायला जवळजवळ पाच तास घेते, आणि हे पाच तास म्हणजेच अर्धी सहल आहे. कल्लारपर्यंत सुपारीच्या बागा दिसतात. तिथून कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी आहे. इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत गाडी वर रेटतं, म्हणून इंजिन मागे जोडलेलं असतं. बारा मीटर पुढे गेलं की जवळपास एक मीटर वर, इतका तो चढ आहे. भारतात अशी दुसरी रेल्वे नाही. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला, ऊटीपर्यंत १९०८ मध्ये पोचला, आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. वाटेत वाफेचं इंजिन पाणी प्यायला थांबतं, तेव्हा सगळा डबा खाली उतरतो. आमच्या आत्याला घाटात हमखास गाडी लागते. या गाडीत ती खिडकीशी बसून शेवटपर्यंत बोगदे मोजत होती.

तिकिटं फार लवकर संपतात, तारखा ठरल्या की पहिलं काम तेच करावं. नाहीच मिळाली तर कुन्नूर ते ऊटी एवढा टप्पा तरी रेल्वेने करावा. तिथे डिझेल इंजिन असतं, पण गाड्या जास्त आहेत, आणि केट्टीचं खोरं खिडकीतून पोटभर बघता येतं.

२. मुक्काम कुन्नूरला किंवा कोटागिरीला. मे महिन्यात ऊटीच्या मध्यवस्तीत वाहनांची रांग सोडून फारसं काही दिसत नाही. कुन्नूरमध्ये १८७४ सालचं सिम्स पार्क आहे, भोवती चहाचे मळे आहेत, चालायला निवांत रस्ते आहेत. कोटागिरी त्याहून शांत. कोइंबतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन पहिल्यांदा याच बाजूने वर आला. ऊटी वसवली ती त्याने, पण त्याचा जुना बंगला कोटागिरीजवळ कन्नेरीमुक्कूला आहे. कोटागिरीहून कोडनाडला गेलात की खाली मोयार नदीचं खोरं उलगडतं. माझ्या लेखी सगळ्या निलगिरीतला सर्वांत सुंदर देखावा तोच.

३. दिवाळीच्या सुट्टीत जपून. आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबरात दरडी कोसळतात आणि रेल्वे अधूनमधून बंद ठेवावी लागते. जानेवारीत पहाटे गवतावर दंव गोठतं, हवा मात्र काचेसारखी स्वच्छ असते. शाळेची मुलं बरोबर असतील तर मे महिन्याला इलाज नाही. मग निदान शनिवार-रविवार आणि ऊटीच्या पुष्पप्रदर्शनाचे दिवस टाळावेत. स्वेटर मेमध्येही लागतोच.

४. उंच झाडांच्या रांगा म्हणजे इथलं जंगल, असं समजू नये. निलगिरीची झाडं ऑस्ट्रेलियातून आली, वॅटलही तिथलीच. आधी जळणासाठी आणि पुढे कारखान्यांसाठी इंग्रजांच्या काळापासून ती लावली गेली, आणि त्यांच्याखाली मूळचं गवताळ रान गेलं. इथलं खरं रान म्हणजे शोला. डोंगराच्या घड्यांमध्ये बुटक्या, शेवाळलेल्या झाडांची दाट राई आणि तिच्या वर उघड्या उतारांवर गवत, अशी ही जोडी असते. पावसाचं पाणी हे गवत आणि ही राई धरून ठेवतात आणि वर्षभर ओढ्यांना थोडंथोडं सोडतात. भवानी आणि मोयार उन्हाळ्यात वाहतात त्या या रानाच्या जोरावर. अवलांचीच्या बाजूला वनखात्याच्या वाहनातून गेलं की हे नीट बघायला मिळतं. शोलात शिरताच जी गार, ओली हवा अंगाला लागते, ती ऊटीच्या कुठल्याही बागेत नाही.

याच गवतात कुरिंजी फुलते, दर बारा वर्षांनी. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्याच कुळातली ती. २०१८ मध्ये तिचा मोठा बहर आला होता. त्या हिशेबाने पुढचा २०३० मध्ये, तोही पावसाळ्याच्या सुमारास. मे महिन्यातल्या पाहुण्याला ती कधीच भेटत नाही.

५. तोडांच्या वस्तीत पाहुण्यासारखं जावं. ऊटी वसण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं म्हशी राखत या पठारावर राहतात. तोडा, कोता, कुरुंबा, इरुळा, बडगा या सगळ्यांचा हा डोंगर आहे. तोडा आपल्या वस्तीला मंड म्हणतात. अर्धगोल छपराची, वाकून शिरावं लागेल एवढ्या दाराची झोपडी दिसली तर तिच्याजवळ जाऊन फोटो काढू नयेत. ते बहुधा त्यांचं देऊळ असतं, पवित्र म्हशींच्या दुधाचं काम तिथे चालतं. विचारल्याशिवाय माणसांचेही फोटो नकोत. त्यांच्या बायका पांढऱ्या जाड्याभरड्या कापडाचे धागे मोजून लाल-काळं भरतकाम करतात. २०१३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एका शालीला आठवड्यांमागून आठवडे लागतात. तिथे घासाघीस करणं मला अजिबात पटत नाही.

६. ऊटीजवळच्या मुत्तोरैचा उतार मुलांना दाखवावा. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये इथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण उभारली. जागेची निवडच थक्क करणारी आहे. ऊटीचा अक्षांश सुमारे ११ अंश. त्यांनी उत्तर-दक्षिण असा ११ अंशांचाच उतार शोधून काढला. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला, आणि एकाच आसावर फिरवून आकाशातल्या एखाद्या स्रोताचा तासन्‌तास माग काढता येऊ लागला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली तीही याच माणसाने, आणि दोन्ही दुर्बिणी आज पुण्याच्या एकाच संस्थेकडून चालवल्या जातात. सहलीच्या कुठल्याच यादीत हे नाव नसतं, याची मला खंत वाटते.

७. खायला गाजरं आणि वर्की. रस्त्याकडेला पाल्यासकट विकायला ठेवलेली गाजरं धुऊन तशीच खावीत. वर्की म्हणजे भट्टीतली खुसखुशीत, पापुद्र्यांची बिस्किटं, ती चहाबरोबर.

८. या डोंगरावर आपलं ओझं कमी टाकावं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तर शनिवार-रविवारी रोज ८,००० आणि इतर दिवशी ६,००० गाड्यांची मर्यादा घातली गेली. अनेकांना हा जाच वाटतो. मला ते नियम उशिरा आलेले वाटतात. इथे पाणी, रस्ते आणि उतार या तिन्हींची सोसण्याची शक्ती मर्यादित आहे. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांवर जिल्ह्यात बंदी आहे आणि नाक्यांवर तपासणी होते, म्हणून घरून स्टीलच्या बाटल्या न्याव्यात. भरून घ्यायला जागोजागी पाण्याची यंत्रं आहेत. रेल्वेने किंवा सरकारी बसने जाणाऱ्याला ई-पास लागत नाही. तेव्हा पुढच्या सुट्टीत जमलं तर गाडी घरीच ठेवा आणि मेट्टुपालयमचं तिकीट काढा.